एस्टोनियाची आजी, स्लोव्हेनियाचा रविवार

वर्तमानपत्राच्या इमारतीत मागच्या बाजूला, छपाईयंत्राच्या भिंतीला लागून, देखभाल विभागाची खोली होती. तिथे दोन मॉनिटर होते. एकावर इमारतीच्या एसी यंत्रणेचं तापमान दिसायचं. दुसऱ्यावर जनरेटरची माहिती दिसणं अपेक्षित होतं. प्रत्यक्षात त्या पडद्याचे दोन भाग केलेले असत. डावीकडे एस्टोनियातल्या एका लहान गावाचा चौक, उजवीकडे स्लोव्हेनियातल्या एका लहान गावाचा चौक. दोन्ही ठिकाणी नगरपालिकेने कॅमेरे लावले होते आणि त्यांचं चित्र इंटरनेटवर कोणालाही पाहता येत असे. बहुतेक लोक ते हवामान बघायला उघडत असावेत. भाऊ ते देश बघायला उघडत.

भाऊ म्हणजे आमचे देखभाल प्रमुख. मूळचे नागपूरचे, तिथल्याच पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. तरुण असताना बहरीनला आले आणि एकाच नोकरीत पिकले. मी त्याच वर्तमानपत्रात उपसंपादक. आमची ओळख चहावरून झाली. न्यूजरूममधल्या यंत्राचा चहा पिण्यासारखा नव्हता आणि भाऊ आपल्या खोलीत आलं ठेचून चहा करत. चहाची किंमत एकच होती. पडद्याकडे बघायचं आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं.

"सांग, राजा, कोणता देश जास्त सुखी दिसून राहिला?"

"भाऊ, डावीकडे बर्फ आहे आणि उजवीकडे कबुतरं आहेत. सुख कुठे दिसतंय?"

"पाहाले शिक. पेपरात काम करतोस ना तू?"

हेच दोन देश का, याचं त्यांचं उत्तर तयार असे. मोठ्या देशात माणूस हरवतो. बहरीनची सवय झालेल्याला बहरीनच्या जवळपासच्या आकाराचाच देश पाहिजे, जिथे एका टोकाहून निघालेला माणूस जेवायच्या आत दुसऱ्या टोकाला पोचतो. शिवाय एस्टोनिया आणि स्लोव्हेनिया एकाच वर्षी स्वतंत्र झाले, दोघांनी पुढे एकच चलन घेतलं. "दोघंही एकाच दिवशी शाळेत बसले," भाऊ म्हणत. "मार्क लावाले सोपं जाते."

जीवनमानाच्या जागतिक क्रमवारीची बातमी वृत्तसंस्थेकडून आली की भाऊंना ती कशी कोण जाणे कळायची. ते वर येत, माझ्या टेबलाशी उभे राहून ती वाचत, आणि कागद परत ठेवत.

"यात बाकाचं काही लिहिलं नाही."

"बाकाचं नसतं, भाऊ. उत्पन्न असतं, आयुर्मान असतं, शिक्षण असतं."

"मंग बाकाले पाठ आहे का नाही, हे कोण पाह्यते? म्हाताऱ्या माणसाले जीवनमान पाठीतूनच समजते."

स्लोव्हेनियाच्या चौकातल्या बाकांना पाठ होती. एस्टोनियाच्या चौकातली बाकं सपाट होती, पण बर्फ पडल्यावर ती आधी साफ होत आणि मग रस्ता. हे दोन्ही मुद्दे भाऊंच्या हिशेबात जमा होते. अर्थव्यवस्थाही ते चौकातूनच वाचत. एस्टोनियाच्या चौकातली बँकेची शाखा बंद होऊन तिथे फुलांचं दुकान आलं, तेव्हा त्यांचा चहा उकळून आटला. सगळा कारभार लोक घरबसल्या ओळखपत्राच्या कार्डावर करतात, सरकारी कचेरीत जावं लागत नाही, हे त्यांना मान्य होतं. देश हुशार आहे, हेही मान्य होतं. "पण म्हाताऱ्या माणसानं भांडाले जायचं कुठं?" स्लोव्हेनियाच्या चौकात कारखान्याची बस थांबायची. ती भरून जाते आणि भरून येते, यावर ते समाधानी होते. त्या बसमधून उतरलेली माणसं लगेच घरी जात नाहीत, उभी राहून बोलतात, हे त्यांनी वेगळं नोंदवून ठेवलं होतं. कुठे लिहून नव्हे. भाऊ काही लिहून ठेवत नसत.

त्यांच्या पद्धतीत चुका होत. सर्वांत मोठी चूक सुरुवातीच्या काळातली. भाऊंची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. शनिवारी छपाईयंत्राची साफसफाई असे, त्यामुळे पडदा निवांत बघायला मिळे तो रविवारी सकाळी, आमच्याकडे कामाचा आठवडा सुरू होताना. काही आठवडे असं पाहिल्यावर ते एका रविवारी धापा टाकत न्यूजरूममध्ये आले.

"स्लोव्हेनिया बसला."

"म्हणजे?"

"दुकानं बंद. सगळी. मागच्या वेळीही बंद होती, त्याच्या मागच्याही. फॅक्टरीची बस नाही. माणसं काळे कपडे घालून हळूहळू चालून राहिली. अन् एस्टोनियात पाह्य, दुकान उघडं, ट्रॉल्या भरून चालल्या. तुमच्या वायरवर काही आलं नाही?"

मी वृत्तसंस्थांची वायर तपासली. काही आलं नव्हतं. मग कॅलेंडरकडे पाहिलं.

"भाऊ, आज रविवार आहे."

"मंग?"

"तिकडे रविवारी सुट्टी असते. स्लोव्हेनियात दुकानंही बंद ठेवतात. लोक चर्चला चालले असतील."

भाऊंनीही कॅलेंडरकडे पाहिलं. नागपुरात ते लहानाचे मोठे झाले, शाळेला रविवारची सुट्टी घेत. पण आखातात इतकी वर्षं काढल्यावर रविवार हा त्यांच्यासाठी कामाचा वार झाला होता. "हो का," एवढं म्हणून ते खाली गेले. त्या दिवशीचा चहा मला बोलावून दिला आणि स्लोव्हेनियाला एक मार्क वाढवला. दुकानदारालाही घरी बसू देणारा देश, या कारणाने.

बहरीनमधल्या जिदहफ्स या वस्तीत एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाऊ आणि वहिनी राहत. त्यांना मूल नव्हतं. खाली घरमालकीण राहायची, वयस्कर बहरीनी बाई, नवरा वारलेला, मुलं आपापल्या घरी. हज करून आलेली म्हणून सगळे तिला हज्जिया म्हणत. भाऊ रोज सकाळी फिरायला जाताना भट्टीवरून दोन घरांची खुब्ज, म्हणजे गरम रोट्या, घेत आणि तिच्या वाट्याची पिशवी तिच्या दाराच्या कडीला अडकवून वर जात. दोघांत बोलणं फारसं नव्हतं. तिला मोडकं हिंदी यायचं, भाऊंना मोडकं अरबी.

जेवायला गेलं की वहिनी विषय काढत. "यांचं अजून पाहणंच चाललंय. लोक मुलगी पाहतात, हे देश पाहतात. कांदेपोहे तेवढे राहिलेत."

"व्हिसा नंतर पाहू," भाऊ म्हणत. "आधी पसंत तर पडू दे."

"आपल्याला नागपूरला फ्लॅट आहे," वहिनी म्हणत. यावर भाऊ पाणी आणायला उठत.

तो फ्लॅट त्यांच्या थोरल्या भावाचा होता. भाऊंनी मला त्याबद्दल एकदाच सांगितलं, खोलीत, पडद्याकडे बघत. थोरले बंधू निवृत्त शिक्षक, अविवाहित, त्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. एके दिवशी घरात वारले. त्या मजल्यावर आणखी तीन दारं होती. लोक येत-जात राहिले. पेपरवाला रोज पेपर टाकत राहिला. दाराशी पेपरांचा ढीग पाय अडखळण्याइतका झाला, तेव्हा कोणीतरी बेल वाजवली.

"पेपर छापणाऱ्याचा भाऊ," भाऊ म्हणाले.

फ्लॅट भाऊंच्या नावावर झाला होता, कुलपात होता. बहरीनमधली नोकरी संपली की बहरीनमधलं राहणं संपणार, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. स्वतःच्या जबाबदारीवर राहण्याचे मार्ग आहेत, पण त्यासाठी लागणारी मिळकत भाऊंकडे नव्हती. म्हणजे एक दिवस नागपूर, आणि नागपूर म्हणजे ती इमारत. वहिनींना त्यात अडचण दिसत नव्हती, त्यांची बहीण जवळच राहायची. भाऊ मात्र त्या जिन्यावर पाय ठेवायला तयार नव्हते. त्यांना असा देश हवा होता जिथे माणूस बाहेर दिसला नाही तर कोणी दार वाजवेल. एवढी एकच कसोटी होती. बाकं, बस, बँक ही सगळी तिची तयारी होती.

एस्टोनियाच्या चौकात रोज सकाळी एक म्हातारी लाल ट्रॉली ओढत यायची. भाऊ तिला आजी म्हणत. स्लोव्हेनियाच्या चौकात एक म्हातारा कुत्रा घेऊन कारंज्याच्या कठड्यावर बसायचा, ते कुत्रेवाले काका. एका हिवाळ्यात आजी यायची बंद झाली. पहिल्या दिवशी भाऊंनी बर्फाला दोष दिला. नंतर बर्फ वितळला. आजी आली नाही. भाऊंनी मला खाली बोलावलं आणि फोन पुढे केला.

"लाव. तुझं इंग्लिश पेपराचं आहे. नगरपालिकेत लाव."

मी फोन लावला. एका महिला अधिकाऱ्याने उचलला. लाल ट्रॉलीवाल्या वृद्ध बाई काही दिवस चौकात दिसल्या नाहीत, कोणी जाऊन पाहावं, अशी विनंती मी केली. आपण कुठून बोलता, असं तिने विचारलं. बहरीन, मी म्हणालो. तिने ते दोनदा विचारून घेतलं. मग तिने सूचनेबद्दल आभार मानले, खासगी व्यक्तीची माहिती देता येत नाही असं सांगितलं, माझा ईमेल पत्ता घेतला आणि फोन ठेवला.

"एस्टोनियाचे मार्क काप," भाऊ म्हणाले.

ते मार्क त्यांना परत द्यावे लागले. उत्तर आलं. सूचना मिळाल्यावर आमचा माणूस घरी जाऊन आला, बाई सुखरूप आहेत, बहिणीकडे गेल्या होत्या, त्यांच्या संमतीने हे कळवत आहोत. शेवटी एक ओळ होती. आपण त्यांचे कोण, असं त्या विचारत आहेत.

भाऊंनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. आनंदाने त्यांनी चहात साखर जास्त टाकली, जी त्यांना डॉक्टरांनी बंद केली होती. पण शेवटच्या ओळीने त्यांची पंचाईत केली. काय लिहायचं यावर ते बरेच दिवस विचार करत होते. अखेर म्हणाले, "लिही, शेजारी."

"भाऊ, मधे किती देश आहेत."

"मंग काय लिहू? प्रेक्षक?"

मी शेजारी लिहिलं. त्यावर उत्तर आलं नाही. आजी पुन्हा येऊ लागली. एकदा तिने चौक ओलांडताना कॅमेऱ्याच्या खांबाकडे पाहून हात वर केला. भाऊंच्या मते तो नमस्कार होता. माझ्या मते तिने डोळ्यांवर येणारं ऊन अडवलं. त्या दिवशी तिथे ढग होते, हे भाऊंनी लगेच दाखवून दिलं.

आता एस्टोनिया पुढे गेला होता. न्यायाने स्लोव्हेनियाचीही तशीच परीक्षा व्हायला हवी होती आणि कुत्रेवाले काका काही चुकत नव्हते. पाऊस असो, ऊन असो, कठड्यावर हजर.

"एक दिवस तरी चुकाले पाहिजे होते," भाऊ जेवताना म्हणाले.

वहिनींनी भाकरी थापता थापता हात थांबवला. "लाज वाटते का? कोणाचं वाईट चिंतता?"

"वाईट नाही. बहिणीकडे जावं त्यानं. चार दिवस. कुत्रा घेऊन."

निकाल असा अडकलेला असतानाच वर्तमानपत्राने छपाई बाहेर द्यायचं ठरवलं. यंत्र विकायला निघालं. भाऊंचं कंत्राट पुढे वाढणार नाही, हे त्यांना पत्राने कळवण्यात आलं. त्यांनी ते वाचून खिशात ठेवलं आणि पडद्याकडे पाहत राहिले. डावीकडे संध्याकाळ झाली होती, उजवीकडे अजून उजेड होता.

वहिनी भाचीच्या लग्नासाठी आणि फ्लॅट उघडून झाडायला म्हणून आधी नागपूरला गेल्या. त्या गेल्यावर भाऊंचं जेवणखाण बिघडलं असावं. एके सकाळी त्यांची साखर उतरली आणि ते न्हाणीघरात पडले. घराचं दार आतून बंद, मोबाइल पलंगावर. ऑफिसात ते आले नाहीत, हे कोणाला कळलंही नसतं. खोली रिकामी करायचं काम चालू होतं.

खाली हज्जियाच्या कडीला पिशवी नव्हती. तिने थोडी वाट पाहिली. मग दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढली, दार वाजवलं, ओरडली, आणि आपल्या भाच्याला फोन करून कुलूप तोडायला लावलं. मी सलमानिया इस्पितळात पोचलो तेव्हा भाऊ खाटेवर होते, हाताला सलाईन होतं आणि हज्जिया पायथ्याशी खुर्चीत बसून त्यांना झापत होती. तिच्या हिंदीत 'नाही'ला मफी होतं.

"खुब्ज मफी! मैं बोला, खुब्ज मफी तो ये आदमी मफी! इतना सीढ़ी! मेरा पैर देखो!"

"सॉरी, हज्जिया."

"सॉरी मफी. यल्ला, खाना खाओ."

नर्सने फाइल भरताना रुग्णाशी नातं काय, असं तिला विचारलं होतं. भाच्याने मला ते हसत सांगितलं. तिने ठणकावून सांगितलं होतं, जार. अरबीत जार म्हणजे शेजारी.

ती गेल्यावर भाऊ मला म्हणाले, "निकाल लागला."

"कोण जिंकलं?"

"जिदहफ्स." मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "अन् जिदहफ्स मले ठेवणार नाही."

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

त्यांना निरोप द्यायला मराठी मंडळींनी एका शुक्रवारी हॉलमध्ये छोटा कार्यक्रम केला. जयभीमच्या गजरात शाल दिली, भाषणं झाली, कोणीतरी त्यांच्या युरोपच्या वेडावर विनोद केला आणि भाऊही हसले. विमानतळावर ते एवढंच म्हणाले की मॉनिटरचा पासवर्ड खोलीतल्या टेबलावर चिकटवलेला आहे, अधूनमधून आजीकडे पाहत जा. मॉनिटर तोपर्यंत विकला गेला होता. मी पाहीन म्हणालो, आणि फोनवर अधूनमधून पाहतो.

हज्जियाशी त्यांनी परस्पर एक व्यवस्था लावून घेतली होती. खुब्ज नेता येत नाही म्हणून मिस्ड कॉल. भाऊ नागपुरातून बहरीनच्या सकाळी फोन लावत. ती उचलत नसे, कापत असे. कापला म्हणजे उठली. बोलण्याचा प्रश्न नव्हता, पैशाचा नव्हता, भाषेचा नव्हता. असं बरेच महिने चाललं.

एका रविवारी सकाळी, मी बुसैतीनमधल्या माझ्या घरून ऑफिसला निघायच्या तयारीत असताना, त्यांचा फोन आला.

"हज्जिया फोन कापून नाही राहिली. दोनदा लावला. जाऊन दार वाजव."

"भाऊ, झोपली असेल."

"म्हणून तं वाजवायचं."

मी पूल ओलांडून जिदहफ्सला गेलो. जाताना भट्टीवर थांबून खुब्ज घेतली. का घेतली, ते सांगता येणार नाही, रिकाम्या हाताने ते दार वाजवणं बरं वाटेना. दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. पुन्हा वाजवलं. आतून चपलांचा आवाज आला आणि हज्जियाने दार उघडलं. फोन कपड्यांबरोबर धुतला गेला होता. हे सांगताना ती माझ्यावरच रागावली. मग हातातली पिशवी पाहिली, ती घेतली, आणि मी भाऊंना फोन लावत असताना मला थांबवून म्हणाली, "पूछो उसको. उधर उसका दरवाज़ा कौन देखता?"

मी फोन लावला. हज्जिया बरी आहे हे ऐकून भाऊ अरबीत "खलास, खलास", म्हणजे झालं, मिटलं, म्हणाले आणि मोठा श्वास सोडला. मी तिचा प्रश्न सांगितला. फोन वहिनींनी घेतला.

"यांचं दार कोण बघणार? हेच सगळ्यांची दारं बघत फिरतात. सकाळी उठून पाचही मजले. दाराशी पडलेला पेपर उचलायचा, बेल वाजवायची आणि माणसाच्या हातात द्यायचा. माणूस बाहेर आल्याशिवाय पुढच्या दाराशी जात नाहीत. लोक वैतागलेत हो. आज तर तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा बनियनवरच भांडायला आला. म्हणाला, काका, रविवार आहे, रविवारी तरी झोपू द्या. यांना अजून रविवार कळत नाही."

मागून भाऊंचा आवाज आला. "पण दार उघडलं ना त्यानं?"